साडूचा फ्लेक्स

बारामतीहून अंथुर्ण्याला जायचं तर पिंपळी वाटेत लागते, त्याला संभाजीरावांचा इलाज नव्हता. दर रविवारी ते मोटारसायकलवरून गावच्या रानात चक्कर मारायला निघत आणि इतक्या वर्षांत पिंपळीच्या फाट्यानं त्यांचं काही वाकडं केलं नव्हतं. त्या रविवारी मात्र फाट्यावर एक फ्लेक्स लागला होता, एसटीच्या अंगाएवढा. मधोमध निळ्या कोटातला अविराज, त्याच्यामागे विमान, विमानामागे अमेरिकेचा झेंडा. आणि खाली डाव्या कोपऱ्यात, डोक्याला फेटा, हात जोडलेले, विमानही आपणच उडवलं असा चेहरा करून अविराजचे वडील महिपतराव. म्हणजे संभाजीरावांचे साडू.

‘एक्सचेंज व्हिजिटर म्हणून कंटेंट मॅनेजमेंटच्या इंटर्नशिपसाठी अमेरिकेत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’ असं त्यावर होतं. संभाजीरावांनी गाडी बाजूला घेऊन ते दोनदा वाचलं. एखादी शुद्धलेखनाची चूक सापडली असती तर रविवार थोडा बरा गेला असता. पण फ्लेक्सवाल्यानं नेमकी याच वेळी काळजी घेतली होती.

साडू हे नातं मोठं वाईट. भावाशी वाटणी करून मोकळं होता येतं, साडूशी तीही सोय नाही. सासुरवाडीच्या प्रत्येक लग्नात दोघांनी एकाच पंगतीला बसायचं, दोघांना सारखाच टॉवेल-टोपी, आणि सगळ्या पाहुण्यांनी मनातल्या मनात दोघांना तागडीत घालायचं. ही तागडी आजवर संभाजीरावांच्या बाजूनं झुकलेली होती. ते बारामतीच्या एका कॉलेजात हेडक्लार्क. सासुरवाडीतले सगळे अर्ज, दाखले, स्कॉलरशिपा त्यांच्याच हातून जात. सासरे गेले तेव्हा दाखल्यावरचं चुकलेलं नाव दुरुस्त करून आणणारा जावई तोच. महिपतराव दहावीला अडकले ते तिथंच राहिले, पुढं पिंपळीत पेरू आणि ढोबळी मिरची करत बसले. त्यामुळे ‘शिकलेला जावई’ हे पद संभाजीरावांकडे बिनविरोध होतं. आता त्या पदावर फाट्यावरून कोणीतरी हात जोडून हसत होतं.

पिंपळीतल्या अविराजच्या सत्काराला संभाजीराव गेले, कारण नाही गेलं तर लोक म्हणतात जळतो. गेल्यावर कळलं की जाऊनही लोक तेच म्हणतात. महिपतरावांना फेटा बांधला गेला. साडू म्हणून संभाजीरावांनाही बोलावून टोपी घातली, ती कानावर आली.

जेवताना त्यांनी अगदी सहज विचारलं, “तर अवी तिथं नक्की काय करणार?”

“कंटेंट,” महिपतराव म्हणाले.

“म्हणजे?”

“मॅनेज करायचं.”

“पण काय मॅनेज करायचं?”

महिपतरावांनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “कंटेंट हो, संभाजीराव. तुमी शिकल्यालं. तुमाला आमी काय सांगायचं?”

आसपासची पंगत हसली. संभाजीरावांनी ताटातली बुंदी बाजूला सारली. पाणी पिऊन ते म्हणाले, “तुमचं आपलं बरंय, महिपतराव.”

हे वाक्य आमच्या भागात सगळेच म्हणतात, आणि ज्याला म्हटलं त्याला म्हणणाऱ्याच्या पोटात काय चाललंय ते बरोबर कळतं. महिपतरावांनाही कळलं. “तसं काय न्हाय,” असं म्हणून त्यांनी फेटा सारखा केला.

घरी येऊन संभाजीरावांनी मुलीला, राजेश्वरीला, समोर बसवलं. ती नुकतीच बी.सी.ए. झाली होती आणि गावाबाहेरच्या एका रोपवाटिकेत नोकरीला होती. काय काम करते असं कोणी विचारलं की संभाजीराव ‘कॉम्प्युटरवर असते’ एवढंच सांगत. कंटेंट मॅनेजमेंट म्हणजे काय, असं त्यांनी विचारल्यावर ती म्हणाली, “मी करते तेच. रोपवाटिकेच्या वेबसाईटवर कुठल्या रोपाचा फोटो कधी टाकायचा, संपलेलं कधी काढायचं, माहिती शेतकऱ्याला कळेल अशी लिहायची, जुनं झालेलं बदलायचं.”

“म्हणजे तू ते आधीपासून करतेस?”

“वर्ष होईल.”

घरात माल असून फ्लेक्स दुसऱ्याचा लागला होता. “मग तूही अमेरिकेला जायचं,” ते म्हणाले.

“मी तेच बघतीये पप्पा, दोन महिने झाले. पण त्याला—”

“आता मी लक्ष घालतो,” संभाजीराव म्हणाले. राजेश्वरीनं आईकडे पाहिलं. कौसल्याबाईंनी भाजीकडे पाहिलं.

या प्रकाराची रीत अशी. तिथल्या एखाद्या कंपनीनं शिकायला घ्यायची तयारी दाखवायची, मधे एका संस्थेनं जामीन राहिल्यासारखं उभं राहायचं, मग वकिलातीत मुलाखत, मग जायचं, शिकायचं आणि मुदत संपली की गुमान घरी परत यायचं. एकूण लग्न जमवण्यासारखंच, फक्त पोरगी परत पाठवायची अट यात आधीपासून असते.

संभाजीरावांनी पहिल्याच दिवशी घरात एक नियम केला: अवीला काही विचारायचं नाही.

“पण तिथं जाणारा तो एकटाच आहे आपल्यात,” राजेश्वरी म्हणाली.

“अवीला कळलं की महिपतरावांना कळतं. महिपतरावांना कळलं की पार इंदापूरपर्यंत कळतं. आपण आपल्या हिमतीवर जायचं.”

ते ‘आपण’ म्हणाले, हे कौसल्याबाईंच्या लक्षात आलं. पण बहिणीच्या पोराचं कौतुक वाटल्याबद्दल त्यांना त्या आठवड्यात आधीच पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं होतं. त्यांनी भाजी फोडणीला टाकली.

सल्ला द्यायला शेजारचे शंभूराज तात्या होते. तात्या एसटीत कंट्रोलर होते, आता निवृत्त. त्यांचा पुतण्या कॅनडात असल्यामुळे अख्खा परदेश त्यांच्या अखत्यारीत येई. “पैली गोष्ट, घरात विंग्रजी सुरू करा,” तात्या म्हणाले. “मुलाखतीत पोरगी अडाकती कुठं? जेवान, पाणी, मीठ असल्या बारक्या शब्दात. मोटं शब्द समद्यांस्नी येत्यात.”

लगेच घरात इंग्रजी सुरू झालं. राजेश्वरीला ते येतच होतं. अडचण संभाजीरावांची झाली, कारण त्यांचं सगळं इंग्रजी कॉलेजच्या पत्रव्यवहारातलं. भाकरी मागताना ते “काइंडली डू द नीडफुल” म्हणू लागले. कौसल्याबाईंनी दोन दिवस ऐकलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी ताटात पाव आणि चमचा ठेवला आणि म्हणाल्या, “विंग्रजीतच स्वैपाक केलाय. ह्याला कालवण नसतं.” त्या रात्रीपासून घर पुन्हा मराठीत आलं.

कंपन्यांकडून उत्तरं येत होती, ती बहुतेक नकाराची आणि फार गोड शब्दांतली. संभाजीराव ती वाचून खूश होत, मग राजेश्वरी त्यांना सांगे की हा नकार आहे. अनुभव कमी पडतो, असं संभाजीरावांचं मत पडलं. एका रोपवाटिकेनं काय होतंय, आणखी एखादी वेबसाईट हाताखाली पाहिजे. अंथुर्ण्याला त्यांचे थोरले भाऊ आबासाहेब भाजीपाला आणि फळं करणाऱ्यांच्या एका गटाचे अध्यक्ष होते. संभाजीरावांनी रविवारी जाऊन जाहीर करून टाकलं की गटाची वेबसाईट होणार, राजेश्वरी करणार, आणि तीसुद्धा फुकट. राजेश्वरीला हे सोमवारी कळलं.

इथून गाडी घसरली. वेबसाईट म्हणजे न फाटणारा फ्लेक्स, अशी गटातल्या सगळ्यांची समजूत झाली, आणि ती करून देण्यात संभाजीरावांचा हात होता. ‘साऱ्या जगात दिसतो’ असं त्यांनीच सांगितलं होतं. मग सगळ्यात वर अध्यक्षांचा फोटो आला. अध्यक्षांचा आला म्हणून उपाध्यक्षांचा आला. उपाध्यक्षांचा टोपीत असल्यामुळे अध्यक्षांनी आपला फेट्यातला मागून पाठवला. त्यानंतर सर्व सभासद, त्यानंतर सभासदांची वाढदिवस असलेली नातवंडं, खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून सोसायटीतली सगळी मंडळी. मोबाईलवर बोटानं सरकवत सरकवत गेलं तर माणसाचा अंगठा दुखायचा आणि शेवटी एक दोडका लागायचा. एका सभासदानं तर स्वतःच्या सख्ख्या भावाचा फोटो आपल्यापेक्षा मोठा दिसतो म्हणून गटातून डाळिंब काढून घेतलं. आबासाहेबांनी फोन केला.

“संभा, ह्ये काय इंटरनेट हाय का भावकी? हितं माणसं बोलंनाशी झाली एकमेकांशी.”

राजेश्वरी शनिवारी अंथुर्ण्याला गेली आणि पारावर सगळ्यांना बसवून तिनं एकच नियम सांगितला. ज्याचा माल त्या आठवड्यात निघाला असेल त्याचा फोटो, त्याच्या मालाशेजारी. माल संपला की फोटो खाली. बाकी फेटा असो नाहीतर टोपी.

डाळिंब काढून घेतलेला सभासद म्हणाला, “म्हंजे डाळिंब निघालं की आमी वर?”

“हो. सगळ्यात वर.”

“आन अध्यक्ष?”

“आबांची भेंडी आली की आबा.”

आबासाहेबांनी तोंड वाकडं केलं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते भेंडीच्या रानात पाणी सोडताना दिसले. प्रकरण मिटलं. फक्त एक माणूस मिटायला तयार नव्हता. संभाजीरावांनी आपला सूटमधला फोटो ‘मार्गदर्शक’ असं खाली लिहून आधीच दिला होता, आणि नव्या रचनेत तो कुठंच नव्हता.

“माझा कुठंय?” त्यांनी विचारलं.

“पप्पा,” राजेश्वरी हळूच म्हणाली, “तुमचा माल काय?”

त्या दिवशी परतताना पिंपळीच्या फाट्यावर ते मान न वळवता गेले. फ्लेक्सचा रंग एव्हाना उडाला होता, अवीचा निळा कोट पांढरा पडत चालला होता. पण महिपतरावांचा फेटा अजून लालभडक होता. कुठल्या रंगानं टिकावं याला काही न्याय नाही.

आणि मग एका कंपनीनं मुलाखतीला बोलावलं. फळझाडांची रोपं, बियाणं विकणारी कंपनी, तिला तिच्या वेबसाईटसाठी माणूस हवा होता. मुलाखत मोबाईलवर, सकाळी सहाला, कारण तिकडं तेव्हा संध्याकाळ. राजेश्वरी बाहेरच्या खोलीत बसली. संभाजीरावांना आत बसायची ताकीद होती म्हणून ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, गळ्यात टाय बांधून. का बांधला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

तिकडची बाई बोलायला मोकळी होती. तिनं विचारलं, सगळ्यांनाच पहिल्या पानावर यायचं असेल तर तू काय करतेस? राजेश्वरीनं अंथुर्ण्याची सगळी हकिकत सांगितली, फेट्यासकट, दोडक्यासकट. बाई इतकी हसली की तिला चष्मा काढावा लागला. मग तिनं विचारलं, या निर्णयानं सगळ्यात जास्त कोण दुखावलं?

“माय फादर,” राजेश्वरी म्हणाली.

तेवढ्यात दारातून आवाज आला, “मॅडम, आय अ‍ॅम ओन्ली गाइड.”

राजेश्वरीनं डोळे मिटले. बाईनं मात्र हट्ट धरला की या गाइडला समोर आणा. राजेश्वरीनं मोबाईल दाराकडे वळवला. संभाजीराव टायची गाठ धरून ताठ उभे राहिले आणि एवढ्या महिन्यांच्या तयारीतलं एकही वाक्य न आठवल्यामुळे म्हणाले, “काइंडली डू द नीडफुल.”

त्या बाईनं आठवड्याभरात नीडफुल केलं.

राहिली वकिलात. तिथं एकच खात्री पटवायची असते, की पोरगी परत येणार. तात्यांचा सल्ला तयार होता. “जमीन दाखवा. जमीन सोडून कोन ऱ्हातंय?” संभाजीरावांनी अंथुर्ण्याचे सगळे सातबारे काढले. राजेश्वरीचं नाव त्यात कुठंच नव्हतं, पण आपलं होतं, भावाचं होतं, विहीर होती. ते सगळं इंग्रजीत करून घेतलं. भाषांतर करणाऱ्यानं ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, या शब्दाशी बराच वेळ झुंज देऊन शेवटी पोटाच्या आजाराबद्दल काहीतरी लिहिलं, ते परत दुरुस्त करून आणावं लागलं. तलाठ्याच्या सहीसाठी तीन वेळा जावं लागलं. त्यातल्या दोन वेळा तलाठी नव्हता आणि एकदा सही करायचं पेन नव्हतं. एवढं बाड घेऊन राजेश्वरी मुंबईला गेली. खिडकीतल्या साहेबानं बाडाला हातही लावला नाही. तू परत का येशील, एवढंच विचारलं. राजेश्वरी म्हणाली, माझी माणसं इथं आहेत, काम इथं आहे. साहेबानं मान हलवली. व्हिसा मिळाला.

तो दिवस संभाजीरावांच्या आयुष्यातला सगळ्यात गोड दिवस ठरायचा होता. त्यांनी पेढे घेतले आणि सरळ पिंपळी गाठली. पेढे साऱ्या कॉलनीला वाटायचे होते, पण पहिला पेढा महिपतरावांच्या तोंडात घालून त्या वेळचा त्यांचा चेहरा बघायचा, एवढी एकच इच्छा त्यांनी इतके महिने जपली होती. महिपतराव ओट्यावर होते. त्यांच्या पुढ्यात पेढ्यांचा पुडा होता. उघडलेला.

“या, या. राजीचा व्हिसा झाला न्हवं?” असं म्हणून महिपतरावांनीच एक पेढा संभाजीरावांच्या तोंडात घातला. “अवीनं सकाळीच फोन केलाता.”

“अवीला कसं कळलं?” तोंडात पेढा असल्यामुळे हे नीट उमटलं नाही.

“आवं, कसं म्हंजे? पैल्यापासनं त्योच तर सांगत हुता तिला. कुठली कंपनी बरी, काय लिवायचं, साहेब काय इचारतो. म्हनला, काकास्नी बोलू नका, त्येंच्या मनाला लागंल. म्हनून आमीबी गप ऱ्हायलो. आतनं लई वाटायचं इचारावं.”

संभाजीराव ओट्याच्या कडेला टेकले. साडू मदत करतो हे एक वेळ सोसता येतं. पण आपल्या मनाला लागू नये म्हणून तो इतके महिने तोंड मिटून बसतो, हे कसं सोसायचं? आणि हे एवढ्यावर थांबलं नाही. महिपतरावांनी आतून मोबाईल आणला. त्यावर राजेश्वरीचा फ्लेक्स होता, तयार, संध्याकाळी लागणारा. फ्लेक्सवाल्याकडं अवीच्या वेळचा नमुना पडलेला होताच, त्यानं फक्त मधला फोटो बदलला होता. डाव्या कोपऱ्यातला फेटा जागेवर होता. त्याच्या शेजारी, निम्म्या आकारात, संभाजीराव. कुठल्याशा लग्नातला फोटो, तोंडात जिलेबी.

“घाईत दुसरा घावला न्हाय,” महिपतराव म्हणाले. “पर वळखू येताय.”

“तुमचं आपलं बरंय, महिपतराव,” संभाजीराव म्हणाले.

“तसं काय न्हाय.”

राजेश्वरी गेली. विमानतळावर तिनं पाया पडताना संभाजीरावांच्या कानाशी म्हटलं, “पप्पा, नीट राहा.” हे वाक्य तिला ते सांगणार होते, त्यांचं तेही राहून गेलं. घरी आल्यावर कौसल्याबाई दोन दिवस तिन्ही माणसांचं पीठ मळत राहिल्या. तात्या सल्ला द्यायला येत, पण सल्ला कशावर द्यायचा ते त्यांना सुचेना, चहा पिऊन जात. संभाजीरावांच्या मोबाईलवर तिचा फोन येई, सकाळी, घाईचा. ‘काय खाल्लं’ आणि ‘थंडी आहे का’ यापलीकडं काय विचारावं ते हेडक्लार्कला सुचत नसे. फ्लेक्स फाट्यावर उभा होता, जिलेबीसकट. आता रविवारी ते तिथं गाडी थांबवत. एका रविवारी त्यांच्या लक्षात आलं की आपण अजून आपल्या फोटोकडे एकदाही पाहिलेलं नाही, फक्त मधल्या फोटोकडेच पाहतो.

तशात अवीची मुदत संपली आणि तो परत आला. महिपतरावांनी जेवायला बोलावलं. संभाजीराव कौसल्याबाईंना घेऊन उत्साहानं निघाले. अमेरिकेतून परत पाठवलेलं पोरगं, चेहरा पडलेला बाप, आणि आपण सांत्वनाला. असं एक चित्र त्यांनी वाटेत रंगवलं होतं. दोन शब्द धीराचे बोलायचे, हेही ठरवलं होतं.

ओट्यावर बाप-लेक पेरूच्या क्रेटवरून भांडत होते. अवी पिकून मऊ झालेले पेरू काढून टाकत होता आणि महिपतराव ते परत आत ठेवत होते.

“दादा, हे फोटोत चालंल, गिऱ्हाइकाच्या घरी चालायचं न्हाय.”

“तुज्या बापानं असंच इकलं आजवर.”

“म्हनून तर म्हनतोय.”

आतून अवीची आई, कौसल्याबाईंची बहीण संजीवनीबाई, ओरडल्या की भाकरी गार होतीये. तिघं उठले. जेवताना अवीनं न विचारता आईच्या ताटातली मिरची उचलली. महिपतराव संभाजीरावांकडं वळून तक्रार करत होते, “कवा उठतुय म्हाईतीये का? सूर्य डोक्यावर आल्यावर. अमेरिकेचं टायम अजून उतरंना. आन सारखी चूक काढतो आमची. वैताग आनलाय घरात.”

संभाजीरावांनी ठरवलेले धीराचे शब्द कुठं गेले कोण जाणे. त्यांच्या पोटात जुनीच कळ उठली, पण इतकी मोठी आजवर कधी उठली नव्हती. फेट्याच्या वेळी नाही, विमानाच्या वेळी नाही.

“तुमचं आपलं बरंय, महिपतराव,” ते म्हणाले. या वेळी महिपतराव ‘तसं काय न्हाय’ म्हणाले नाहीत. त्यांनी संभाजीरावांकडं नीट पाहिलं आणि मग ताटात पाहिलं.

अवीला काहीतरी आठवलं. उठून डाव्या हातानं त्यानं मोबाईल आणला. “काका, राजीनं काम सुरू केलं न्हवं, तिच्या कंपनीच्या वेबसाईटवर तिची ओळख टाकलीये. बघितली का?”

पानावर राजेश्वरी होती, जाड कोटात, हसत. शेजारी दुसरा फोटो होता. बारामतीच्या घरातलं स्वयंपाकघराचं दार, दारात टायची गाठ धरून ताठ उभा असलेला माणूस. तो फोटो तिनं कधी काढला, त्यांना पत्ता नव्हता. खाली दोनच शब्द होते: ‘ओन्ली गाइड’.

मोबाईल महिपतरावांच्या हातात गेला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला, बराच वेळ पाहिला. “आमच्या पोरानं वरीसभर तितं काम केलं,” ते म्हणाले, “आमचा फेटाबी कुठं लावला न्हाय.” मग ते संभाजीरावांकडं न बघता म्हणाले, “तुमचं आपलं बरंय, संभाजीराव.”

हे वाक्य साडूच्या तोंडून ऐकायला संभाजीरावांनी घरात इंग्रजी आणलं होतं, गावात भावकी पेटवली होती, तलाठ्याच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. आता ते आलं होतं, सगळ्यांसमोर, मनापासून. त्यांनी अवीकडं पाहिलं. तो बोटानं ताट पुसत होता.

“बदलता का?” संभाजीराव म्हणाले. “फोटो घ्या, पोरगं द्या.”

महिपतराव हसले, संजीवनीबाई हसल्या, अवी तर खोकेपर्यंत हसला. कौसल्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी टोपल्यातली एक भाकरी उचलली आणि नवऱ्याच्या ताटात वाढली. संभाजीरावांनी ती खाल्ली.